राहीची पेज

एकदा एका कोष्ट्याच्या मुलाने ठरवले की आपण यापुढे एक अक्षरही लिहायचे नाही.

त्याचे नाव सिद्राम. नदीच्या अलीकडे पेठ होती, पेठेच्या टोकाला कोष्टी आळी होती आणि तिथे त्याचे घर. नदीच्या पलीकडच्या तीरावर एक लहानसा मठ होता. त्या मठात एक वृद्ध आचार्य राहत. त्यांच्यापाशी चार शिष्य अध्ययन करीत आणि जुन्या पोथ्यांच्या प्रती तयार करीत. सिद्रामचे अक्षर वळणदार, म्हणून वडिलांनी त्याला मागावर बसवण्याऐवजी मठात पाठवले. तो प्रती करता करता वाचायला शिकला आणि वाचता वाचता त्याला स्वतःचे काही लिहावेसे वाटू लागले. काय लिहावे हे मात्र त्याला पुष्कळ दिवस कळत नव्हते.

मग त्या वर्षी कोष्टी आळीत पटकीची साथ आली.

नदीला पूर होता. नावाडी नाव घालायला तयार नव्हते. सिद्राम पलीकडच्या तीरावर अडकला. आळीतून धूर उठताना दिसे. तो धूर चुलींचा की चितांचा, हे एवढ्या लांबून ओळखता येत नसे. पूर ओसरल्यावर तो घरी गेला, तेव्हा त्याचे आईवडील वाचले होते. पण अर्ध्या घरांतले माग थांबले होते, आणि गोजराबाईंची एकुलती एक मुलगी राही गेली होती.

राहीचे नाव आळीत ज्याच्या त्याच्या तोंडी होते. पटकी झालेल्याला पाणी देऊ नये, अशी त्या काळी समजूत होती. लोक दारे लावून बसले होते. आत माणसे तहानेने तळमळत आणि बाहेर कुणी फिरकत नसे. राहीने मात्र आपल्या अंगणात मोठे भांडे चुलीवर चढवले. ती तांदळाची पातळ पेज करी, तिच्यात मीठ घाली आणि घरोघर जाऊन आजाऱ्याच्या ओठाला वाटी लावी. लोकांनी तिला शिव्या दिल्या. एकाने तर तिच्या हातातली वाटी फटका मारून उडवली. ती दुसरी वाटी भरून घेऊन पुन्हा त्याच दारात उभी राहिली. तिने पेज पाजलेली कितीतरी माणसे उठून बसली. अखेरीस तिलाच पटकीने गाठले.

हे सगळे सिद्रामने लोकांकडून ऐकले आणि त्याला राहवेना. मठात येऊन तो लिहायला बसला. जेवणाची आठवण नाही, कुणी हाक मारली तर ओ देणे नाही. बोरूचे टोक बोथट झाले की तेवढ्यापुरता थांबे. राहीची कथा पुरी झाली तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण डोळे एखाद्या मोठ्या प्रवासाहून परतलेल्या माणसाचे असावेत तसे दिसत होते.

आचार्यांनी ती वाचली. म्हणाले, "लोकांपुढे वाच."

पेठेत एक धनाढ्य व्यापारी होते. सगळे त्यांना शेठजी म्हणत. त्यांच्या घरी दरवर्षी विद्वानांची सभा भरे. आचार्यांना तिथे मानाचे आसन असे, आणि त्यांच्यासोबत आलेल्या शिष्याला वाचनाची संधी मिळे. त्या वर्षी सिद्राम उभा राहिला. कागद धरलेले त्याचे हात कापत होते. त्याने वाचायला सुरुवात केली.

आरंभी सभा शांत होती. पण चुलीचे, भांड्याचे, पेजेचे वर्णन आले तसे लोक एकमेकांकडे पाहू लागले. आळीतल्या बायका जशा बोलतात तशाच कथेतही बोलत होत्या. सभेत एक नामांकित शास्त्रीबुवा बसले होते. त्यांनी हात वर करून वाचन थांबवले.

"अरे, हा ग्रंथ आहे की हातमाग?" ते म्हणाले. "मघापासून नुसती खटखट ऐकू येते आहे. सरस्वतीच्या वीणेचा एखादा सूर तरी लागू दे!"

सभा खळखळून हसली. शास्त्रीबुवांना हुरूप आला. ते म्हणाले, "आणि शेवट वाच बघू. शेवट तरी काय केलास ते ऐकू."

सिद्रामने शेवट वाचला. त्यात राही एकटी पडली होती. जिने साऱ्या आळीला पेज पाजली, तिच्या कोरड्या ओठांना पाण्याचा थेंब लावायलाही अखेरच्या क्षणी जवळ कुणी नव्हते, असे त्याने लिहिले होते. लिहिताना तो स्वतः रडला होता.

शास्त्रीबुवांनी मान हलवली. "हे तर फारच झाले. इथे लेखक श्रोत्यांच्या डोळ्यांत बोट घालून पाणी काढू पाहतो आहे. अरे, करुण रस असा ओढून आणायचा नसतो."

पुन्हा हशा झाला. सिद्रामने आपल्या गुरूंकडे पाहिले. आचार्यांच्या एका शब्दाने ती सभा स्तब्ध झाली असती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण आचार्य काही बोलले नाहीत. ते खाली पाहत बसून राहिले. हशा ओसरल्यावर शेठजींनी पुढच्या वाचकाला बोलावले आणि सिद्राम कागद गुंडाळून मागे जाऊन बसला.

सभा संपल्यावर शेठजींनी त्याला बाजूला घेतले. ते मनाने वाईट नव्हते. "मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "अक्षर उत्तम आहे तुझे. असल्या गोष्टींत ते वाया कशाला घालवतोस? आमच्या घराण्याची एक प्रशस्ती लिहून दे. आमचे पूर्वज कुठून आले, त्यांनी कोणते घाट बांधले, कुठे अन्नछत्रे घातली, सगळे मी सांगतो. तू फक्त शोभिवंत भाषेत मांड. तुझी नीट सोय लावतो."

सिद्रामने मान डोलावली.

परतताना नावेत गुरू आणि शिष्य समोरासमोर बसले होते. नाव पलीकडे लागली. उतरताना सिद्राम म्हणाला, "गुरुजी, मी आता लिहिणार नाही. प्रती करीन, शेठजींची प्रशस्ती करीन. पण माझे असे काही लिहिणार नाही."

त्याला वाटले, गुरुजी समजूत घालतील. निदान रागावतील. आचार्य एवढेच म्हणाले, "बरे."

ते 'बरे' त्याला सभेतल्या हशापेक्षाही जास्त लागले.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रशस्तीच्या कामाला लागला. काम सोपे होते. कुलदीपक, दानशूर, कीर्तिवंत असे शब्द आपोआप पुढे येत. हात कापत नसे. जेवणाच्या वेळी तो जेवी, झोपेच्या वेळी झोपे. या लिखाणाची त्याला भीती अशी वाटतच नव्हती, कारण त्यात त्याचे स्वतःचे काही नव्हते. कुणी हसले असते तर शेठजींच्या पूर्वजांना हसले असते. एकदा मात्र लिहिता लिहिता त्याचा बोरू मध्येच थांबला. आपण आत्ता कुणाविषयी लिहीत होतो, हे त्याला क्षणभर आठवेना. त्याने मागची ओळ पुन्हा वाचली आणि काम पुढे चालू केले.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी मठाच्या दारात गोजराबाई येऊन उभ्या राहिल्या.

त्या राहीच्या मागे फारशा घराबाहेर पडत नसत. नाव चालू झाली होती, पण नदी ओलांडून त्या मठात येतील असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. सिद्राम ओसरीवर लिहीत बसला होता. त्यांना पाहून तो उठून उभा राहिला.

"या मावशी. पाणी आणू?"

"पाणी नको." गोजराबाई ओसरीच्या कडेला टेकल्या. "तुला एक विचारायला आले. शेठजींच्या घरच्या बाया नदीवर बोलत होत्या. म्हनं, सिद्रामनं राहीचं काही लिवलंय आन ते मोठ्या लोकांत वाचलं. आन समदे हसले."

सिद्राम त्यांच्यासमोर खाली बसला.

"तू माझ्या लेकीचं असं काय लिवलंस रं," गोजराबाईंनी विचारले, "की लोकं हसली?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. सभेत आपल्यावर हशा पिकला, आपला अपमान झाला, एवढेच इतके दिवस सिद्राम उराशी धरून बसला होता. तो हशा आणखी कुणाच्या कानी जाईल, आणि त्याच्याबरोबर कुणाचे नाव जाईल, हे त्याच्या मनाला शिवलेही नव्हते.

"मावशी, ते तिला हसले नाहीत. मला हसले. माझी भाषा त्यांना आवडली नाही."

"मग मला वाचून दाव."

आतून आचार्य बाहेर आले होते. सिद्रामने त्यांच्याकडे पाहिले. सुटका होईल अशी आशा त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. आचार्य म्हणाले, "त्यांचा तो हक्क आहे, सिद्राम. वाच."

त्याने गुंडाळून ठेवलेले कागद काढले. शेठजींच्या घरी तो ज्या माणसांपुढे उभा होता, ती सगळी मिळूनही या एका बाईइतकी भीतिदायक नव्हती. तरीही तो वाचू लागला.

गोजराबाई गुडघ्यावर हनुवटी टेकवून ऐकत होत्या. चुलीवरचे भांडे आले, घरोघरी फिरणारी वाटी आली. ज्याने वाटी उडवली त्याचा प्रसंग आला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अशीच हट्टी. लहानपनापासनं तशीच." थोड्या वेळाने त्यांनी पदर तोंडाला लावला. सिद्राम थांबला तर त्यांनी हाताने खूण केली, वाच. तो वाचत राहिला. आपला आवाज कापतो आहे की स्थिर आहे, याकडे त्याचे लक्षच नव्हते. त्या बाईंपर्यंत प्रत्येक शब्द पोचावा, एवढीच त्याची धडपड चालली होती.

मग शेवट आला. राहीच्या कोरड्या ओठांना थेंब लावायला जवळ कुणी नव्हते, ही ओळ त्याने वाचली.

गोजराबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी होते की रं तिथं."

सिद्राम कागदाकडे पाहत राहिला.

"तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बोटानं पानी लावत होते मी तिच्या ओठाला. रात्रभर. तू लिवलंस कुनी नव्हतं."

"मला कुणी सांगितलं नाही, मावशी," तो कसाबसा बोलला. "मी... मला वाटलं, तसं लिहिलं तर ऐकणाऱ्याच्या मनाला लागेल."

"मला विचारायचं होतंस."

"तुमच्यासमोर यायचा धीर झाला नाही."

गोजराबाईंनी मान हलवली. त्यांनी तेवढ्यावरून त्याला दोष दिला नाही. बाहेर नदीकडे पाहत त्या सांगू लागल्या. "शेवटाला ती काय बोलली ठावं हाय? म्हनली, आई, पेज खाली लागंल, बघ. मी म्हनलं, लागू दे. तर म्हनली, आगं, कोपऱ्यावरच्या घरी न्यायची हाय. मग मी तिचं डोकं उशीवर ठिवलं, उठले, भांडं उतरवलं आन परत येऊन बसले. मग गेली ती."

एवढे सांगून त्या पदर सावरत उठल्या.

जाताना गोजराबाई दारात थांबल्या. "ते शेवटचं काढ," त्या म्हणाल्या. "बाकी समदी तीच हाय. वाचताना मला दिसली ती. हसली तर हसू दे लोकं. पर ते तेवढं काढ."

त्या गेल्यावर सिद्राम ओसरीवरच बसून राहिला. दुपार कलली तेव्हा तो उठून आचार्यांपुढे आला आणि खाली बसला.

"गुरुजी, शास्त्रीबुवा बरोबर होते," तो म्हणाला. "त्या शेवटाबद्दल."

"होते," आचार्य म्हणाले.

"तुम्हालाही ते दिसले होते?"

"ती जागा मला खटकली होती. का खटकली ते मलाही नीट सांगता आले नसते. ते गोजराबाईंनी सांगितले."

 मग सिद्रामने इतके दिवस मनात धरून ठेवलेले विचारले. "त्या दिवशी सभेत सगळे हसत होते. तुम्ही एक शब्द बोलला असता तर ते थांबले असते. तुम्ही का बोलला नाहीत?"

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले. म्हणाले, "मला राग आला नाही असे समजू नकोस. बोलायचे शब्द जिभेवर आले होते. पण मी बोललो असतो तर सभा माझ्या मानाखातर गप्प बसली असती. तुझ्या लेखनाला लोक माझ्यामुळे वाईट म्हणाले नसते, आणि मग उद्या चांगले म्हणाले असते तरी ते माझ्यामुळेच, अशी शंका तुला जन्मभर राहिली असती. मी म्हातारा माणूस. किती सभांना तुझ्याबरोबर येणार? दुसरे असे की शास्त्रीबुवांच्या थट्टेत एक खरी गोष्ट होती. मी त्यांना गप्प केले असते तर तीही त्यांच्याबरोबर गप्प झाली असती. टीका करणारा माणूस दयाळू नसला तरी कधी कधी त्याची नजर शाबूत असते. हे तू त्या दिवशी ऐकू शकला नाहीस, यात मला तुझा दोष वाटत नाही. ताज्या जखमेवर कुणी हात ठेवला तर तो वैद्याचा आहे की वैऱ्याचा, हे कळत नाही."

"आणि मी लिहिणार नाही म्हणालो, तेव्हा तुम्ही नुसते 'बरे' म्हणालात."

"मी आग्रह केला असता तर तू माझ्यासाठी लिहिले असतेस. माझ्यासाठी लिहिलेले काय करायचे आहे?" आचार्य थांबले. मग त्यांनी विचारले, "आज वाचताना भीती वाटली?"

"सुरुवातीला फार वाटली. सभेपेक्षा जास्त."

"नंतर?"

सिद्रामने आठवून पाहिले. "नंतर मला माझी आठवणच राहिली नाही. गोजरामावशी होत्या आणि राही होती."

"सभेत?"

"सभेत मी होतो," सिद्राम म्हणाला. "नुसता मीच होतो."

आचार्यांनी मान डोलावली. "लोक म्हणतात, आधी धीर यावा आणि मग लिहावे. मी एवढी वर्षे लिहिणाऱ्यांना पाहतो आहे. धीर असा आधी येऊन दारात उभा राहिलेला मला कुणाच्या घरी दिसला नाही. ज्याच्याविषयी लिहायचे त्याची ओढ आपल्या भीतीपेक्षा मोठी झाली की हात चालू लागतो. भीती जात नाही. ती शेजारी बसून राहते. तिला बसू दे."

त्या संध्याकाळी सिद्रामने राहीच्या कथेचा शेवट पुन्हा लिहिला. अलंकार घातला नाही. आईच्या मांडीवर डोके होते, ती बोटाने ओठांना पाणी लावत होती, मुलीला पेज खाली लागेल याची काळजी होती, आई उठली, भांडे उतरवून परत आली. एवढेच लिहिले. लिहिताना या खेपेला तो रडला नाही. मात्र लिहून झाल्यावर त्याला बराच वेळ बोरू खाली ठेवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पेठेत गेला. शेठजींना त्याने अर्धवट प्रशस्ती परत केली आणि क्षमा मागितली. शेठजी थोडे खट्टू झाले, पण असे काम करणारे दुसरे पुष्कळ होते. तिथून तो शास्त्रीबुवांच्या घरी गेला. शास्त्रीबुवा झोपाळ्यावर बसले होते. हा मुलगा भांडायला आला आहे, असे त्यांना वाटले.

"शास्त्रीबुवा, तुम्ही शेवटाबद्दल बोललात ते खरे होते," सिद्राम म्हणाला. "मी तो बदलला. तेवढे सांगायला आलो."

शास्त्रीबुवांनी झोपाळा थांबवला. "आणि भाषेबद्दल बोललो ते? तेही खरेच होते हो."

"असेल," सिद्राम नम्रपणे म्हणाला. "पण ते मला अजून पटलेले नाही. ती माणसे तशीच बोलतात. मी त्यांना दुसरी भाषा देऊ शकत नाही."

 झोपाळ्याला पुन्हा झोका देत शास्त्रीबुवा म्हणाले, "मग लोक हसणार."

"हो," सिद्राम म्हणाला, आणि नमस्कार करून बाहेर पडला.

पुढच्या अमावास्येला, माग बंद ठेवण्याच्या दिवशी, कोष्टी आळीच्या चौकात त्याने राहीची कथा वाचली. गोजराबाई पुढे बसल्या होत्या. वाचन चालू असताना एक माणूस उठून म्हणाला, "आमची दुःखं चव्हाट्यावर मांडून काय मिळवलंस?" आणि तो तडक निघून गेला. दोघेतिघे त्याच्यामागे गेले.  सिद्रामचे हात पूर्वीसारखेच कापू लागले. तो क्षणभर थांबला, कापत्या हातांनीच पुढचा कागद वर घेतला आणि वाचू लागला.

वाचन संपले तेव्हा कुणी वाहवा केली नाही. लोक खाली पाहत बसले होते. गोजराबाईंनी डोळे पुसले.

मग मागच्या बाजूने एक म्हातारा कोष्टी काठी टेकत उठला. त्याचा सूर तक्रारीचा होता.

"राहीचं लिवलंस, झ्याक केलंस. पर माझा थोरला भाऊबी त्याच साथीत गेला. आळीतली निम्मी मढी त्यानं एकट्यानं उचलली. त्याचं ह्यात काईच नाही."

"आन आमची सून?" एक बाई म्हणाली. "तिचं बी राहिलं."

सिद्रामने दोघांकडे पाहिले. त्याच्या लेखनात उणे काढणारी ती माणसे त्याच्या उत्तराची वाट पाहत उभी होती. तो खाली बसला, दौत पुढे ओढली आणि एक कोरा कागद मांडीवर घेतला.

"बसा आजोबा," तो म्हणाला. "तुमच्या भावापासून धरू. नाव काय होतं त्यांचं?"